इंद्रलोकातील निवडणूक

स्वर्गाचे राज्य मिळवायचे तर पूर्वी शंभर यज्ञ करावे लागत, असे पुराणे सांगतात. इंद्राला शतक्रतू म्हणतात ते त्यामुळेच. आमच्या इंद्रलोकात यायला एवढी यातायात नाही. भाईंदर स्टेशनला पूर्वेच्या बाजूने उतरावे, शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहावे, आणि नवघर रोडने जाणाऱ्या रिक्षात दोन परक्या माणसांच्या मध्ये अंग चोरून बसावे. पिशवी मांडीवर, छत्री दोन गुडघ्यांत. रिक्षावाला ‘इंद्रलोक, इंद्रलोक, एक सीट इंद्रलोक’ असा पुकारा करीत असतो, तेव्हा नव्या माणसाला आपला काळ जवळ आला की काय असे क्षणभर वाटून जाते.

हे नाव ज्याला सुचले तो मनुष्य एकतर फार श्रद्धाळू असावा किंवा फार विनोदी. पुराणात लोक सात आहेत. आमच्याकडे त्यांना ‘फेज’ म्हणतात. पत्ता विचारणाऱ्याला ‘कुठली फेज?’ असा उलट प्रश्न येतो आणि तो गांगरतो. ऐरावत येथे नाही, पण पाण्याचा टँकर अरुंद गल्लीत उलटा शिरतो तेव्हा त्याचे डुलणे साधारण तसेच दिसते. कल्पवृक्षाच्या जागी मोबाईलचा मनोरा आहे. बाकी संध्याकाळी सात वाजता वडापावच्या गाडीभोवती जी गर्दी होते तिच्यात तेहतीस कोटी नसले तरी बरेचसे भेटतात.

वाचकांपैकी पुष्कळांनी भाईंदर पाहिले असेल ते गाडीच्या खिडकीतून, वसईच्या खाडीचा पूल येण्यापूर्वीचे. डाव्या-उजव्या अंगाला मिठागरे आणि मिठाचे पांढरे ढीग, एवढेच ते भाईंदर. उधाणाचे पाणी खाजणात घ्यायचे, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात फिरवून उन्हात आटवायचे आणि उन्हाळाभर मीठ ओढायचे, हा येथला जुना उद्योग. नवघर, खारी, गोडदेव ही इंद्रलोकाच्या आसपासची मूळ आगरी गावे. इमारतींच्या पाठीमागे अजून त्यांची कौले दिसतात, गावदेवीची जत्रा भरते आणि हळदीच्या रात्री बँजोने सगळी फेज जागी राहते. पश्चिमेकडे गेले की राई, मुर्धे, डोंगरी आणि शेवटी उत्तन. तेथल्या कोळणी टोपली घेऊन बाजारात येतात. डोंगरीजवळ धारावीचा किल्ला आहे. ही मुंबईची धारावी नव्हे. १७३७ ते १७३९ या वसईच्या मोहिमेत या टेकडीसाठी मराठे आणि पोर्तुगीज झगडले. चिमाजी आप्पांचा पुतळा आता तेथे उभा आहे. ज्यांना स्वर्ग पाहण्याची घाई नाही त्यांनी आधी तिकडे जावे. समुद्र, खाडी आणि पलीकडची वसई एकाच जागेवरून दिसते.

१९८५ साली येथल्या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. मधल्या वर्षांत मुंबईच्या चाळी रिकाम्या होत होत्या. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली, जागेच्या टंचाईने गिरगावातली, आणि काळबादेवी-भुलेश्वरच्या पेढ्यांवरची माणसे एकाच गाडीने उत्तरेकडे निघाली. आधी बोरिवली, ते परवडेना म्हणून दहिसर, आणि तेही परवडेना म्हणून खाडी. २००१ च्या शिरगणतीत मीरा-भाईंदरची वस्ती पाच लाख वीस हजार होती. २०११ साली ती आठ लाखांच्या वर गेली. दहा वर्षांत तीन लाख माणसे वाढली म्हणजे रोज सरासरी ऐंशी माणसे सामानासकट मुक्कामाला आली. इतक्या माणसांना रोज प्यायला पाणी द्यायचे, त्यांचा कचरा उचलायचा आणि त्यांची सांडपाण्याची वाट काढायची, हा खरा प्रश्न. निवडणूक त्या प्रश्नाची असते, असे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले आहे.

येथल्या निवडणुकांचा आणि दिवाळीचा ऋणानुबंध आहे. विधानसभेची मतदाने पाहा : २०१४ साली १५ ऑक्टोबर, २०१९ साली २१ ऑक्टोबर, २०२४ साली २० नोव्हेंबर. फराळाचा वास आणि प्रचाराचा भोंगा दोन्ही एकदमच येतात. चकलीच्या पिठाला मोहन घालता घालता आमच्या घरच्यांना उमेदवारांचे गुण ऐकावे लागतात. शहराचा स्वभावही या मतदानांत दिसतो. मीरा-भाईंदर मतदारसंघाने २००९ साली राष्ट्रवादीचे गिल्बर्ट मेंडोन्सा निवडले, २०१४ साली भाजपचे नरेंद्र मेहता, २०१९ साली अपक्ष उभ्या राहिलेल्या गीता जैन, आणि २०२४ साली पुन्हा मेहता. शिवाय शहराचा काही भाग ओवळा-माजिवडा या दुसऱ्याच मतदारसंघात जातो. तेव्हा एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन आमदार असू शकतात, आणि खड्डा नेमका मधोमध असतो.

पण आमदार-खासदार ही मोठी दैवते. घरातल्या नळाशी, गटाराशी, जिन्यासमोरच्या दिव्याशी ज्याचा संबंध तो नगरसेवक. आणि नगरसेवक येथे साडेतीन वर्षे नव्हताच. २०१७ च्या ऑगस्टमध्ये निवडलेल्या सभागृहाची मुदत २०२२ च्या ऑगस्टमध्ये संपली. महाराष्ट्रातल्या इतर शहरांप्रमाणे येथेही निवडणूक लांबत गेली, आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुराणात याला आधार आहे. वृत्रवधाच्या पापाने घाबरून इंद्र कमळाच्या देठात दडून बसला, तेव्हा देवांनी आणि ऋषींनी मिळून नहुषाला त्याच्या जागी बसविले. नहुष आधी चांगला होता. पुढे त्याने ऋषींना पालखीला जुंपले, ते हळू चालतात म्हणून अगस्तीला लाथ मारली आणि शापाने अजगर होऊन पडला. आमचे प्रशासक सभ्य अधिकारी होते, त्यांनी कुणाला लाथ मारल्याचे ऐकिवात नाही. गोष्ट एवढीच की नहुषाला स्वर्गात कुणी निवडून दिलेले नव्हते, म्हणून त्याला कुणी काही विचारूही शकत नव्हते. तुंबलेल्या गटाराबद्दल कोणाच्या दारावर थाप मारायची, हे या साडेतीन वर्षांत इंद्रलोकातल्या माणसाला उमगत नव्हते. माजी नगरसेवक म्हणत, ‘आम्ही आता माजी’. भावी नगरसेवक म्हणत, ‘आम्ही अजून भावी.’

हे भावी फार मनोरंजक असतात. निवडणूक जाहीर होण्याच्या पुष्कळ आधीपासून त्यांचा सुळसुळाट सुरू होतो. २०२५ च्या दिवाळीत आमच्या दाराच्या कडीला उटण्याच्या चार पुड्या अडकवलेल्या मिळाल्या. चार पक्ष, चार चेहरे, उटणे बहुधा एकाच घाण्याचे. नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला काय लावतो आहोत याचा पत्ता लागेना. कंदील वाटले गेले, किल्ल्यांच्या स्पर्धा झाल्या, दिवाळी-पहाटेच्या मैफली झाल्या. त्यानंतर छठपूजेला खाडीकाठी स्वागताच्या कमानी लागल्या. त्याआधी नवरात्रात गरबा आणि पर्युषणात क्षमापनेचे फलक लागून गेले होते. मतदार ज्या देवाला नमस्कार करतो त्या देवाच्या शेजारी आपला फोटो असावा, ही प्रचाराची पहिली पायरी.

दुसरी पायरी जिन्याची. अखेर १५ डिसेंबर २०२५ रोजी कार्यक्रम जाहीर झाला, २ जानेवारीला माघारीची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ हा मतदानाचा दिवस ठरला. दहा-बारा दिवसांत सगळी फेज पायांखाली घालायची होती. आमच्यासारख्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत उमेदवाराच्या पायांची आणि भाषेची एकदमच परीक्षा होते. तळमजल्यावर ‘जय जिनेंद्र’, पहिल्या मजल्यावर ‘राम राम काका’, दुसऱ्यावर ‘केम छो, माजी’, तिसऱ्यावर ‘प्रणाम चाचाजी’. चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत बिचाऱ्याला दम लागलेला असतो. तेथे तो नुसते हात जोडतो. आमच्या मते त्याचा हाच नमस्कार सर्वांत प्रामाणिक असतो.

निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असल्याने उमेदवारांत बायका पुष्कळ. त्यांच्या पत्रकावर त्यांच्यापेक्षा यजमानांचा फोटो मोठा, हा प्रकार सर्व पक्षांत समान. एका पत्रकावर तर यजमान पुढे हात जोडून उभे आणि उमेदवार बाई मागे, लग्नाच्या फोटोतल्या मावशीसारख्या. आमच्या शेजारच्या वहिनींनी प्रचाराला आलेल्या गृहस्थांना सरळ विचारले, “भावजी, मत तुम्हाला द्यायचे की वहिनींना? वहिनींना द्यायचे तर त्यांना बोलू द्या की.” त्या बाई मग बोलल्या, आणि यजमानांपेक्षा चांगल्या बोलल्या. बालवाडीत शिकवीत होत्या म्हणे.

मतदाराची परीक्षाही सोपी नाही. ९५ जागा, २४ प्रभाग. उत्तनकडचा शेवटचा प्रभाग तीन जणांचा, बाकी सगळे चौघांचे. म्हणजे मतदाराने अ, ब, क, ड अशी चार मते द्यायची. चार रंगांच्या मतपत्रिका, चार कळा. पक्षांना ही पद्धत सोयीची वाटते, कारण एका चांगल्या माणसाच्या पाठीवर तीन सामान्य बसवून पलीकडे नेता येतात. नागरिकाला ती कितपत सोयीची, याबद्दल आम्हाला शंका आहे. एकाला विचारावे तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो. चार भावांत म्हातारीला कोणी सांभाळायचे हा जो प्रश्न, तोच प्रभागातल्या गटाराचा.

आता ते प्रश्न. पहिला पाण्याचा. मीरा-भाईंदरला स्वतःचे धरण नाही. शहाड-टेमघर योजनेतून ८६ दशलक्ष लिटर आणि औद्योगिक विकास महामंडळाकडून १२५ दशलक्ष लिटर, असा रोजचा मंजूर कोटा. हे पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यातून ठाण्याला वळसा घालून येते, आणि वाटेत कोठे बिघाड झाला की शेवटच्या टोकाचे इंद्रलोक कोरडे पडते. पावसाचा देव तो इंद्र. पण त्याच्या नगरीत पाणी येते ते दुसऱ्याच्या जलवाहिनीने. यावर उपाय म्हणून डहाणूकडच्या सूर्या नदीची योजना आखलेली आहे. ४०३ दशलक्ष लिटरची ही योजना, त्यातले १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. डोंगरातून बोगदे खणले, खाडीखालून वाट काढली. वसई-विरारला त्याचे पाणी २०२३ च्या अखेरीस पोहोचले. आमच्याकडे मात्र २०१९ च्या प्रचारात ते भविष्यकाळात वाहत होते आणि २०२४ च्या प्रचारातही भविष्यकाळातच. ‘सूर्याचे पाणी येणार’ या वाक्यातले क्रियापद व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, एवढे आम्ही सांगू शकतो.

जानेवारीतली एक चौकसभा लक्षात राहण्याजोगी झाली. दोन इमारतींच्या मधल्या जागेत पन्नास-साठ प्लॅस्टिकच्या खुर्च्या, अर्ध्या रिकाम्या. गॅलऱ्या मात्र भरलेल्या. उमेदवार तरुण होता, आवाज चांगला होता. मेट्रो, उड्डाणपूल, नाट्यगृह असे सगळे मोजून झाल्यावर त्याने विचारले, “आणखी काही अडचण असेल तर मोकळेपणाने सांगा.” पहिल्या रांगेतल्या एक आजी उठल्या. नवघरच्याच, जुन्या वस्तीतल्या.

“बाला, पानी कवा येतंय ते सांग. म्हंजे मी गजर लावीन.”

“आजी, आम्हाला निवडून द्या, चोवीस तास पाणी देऊ.”

“चोवीस तास नको मला. एवरं पानी ठेवू कुठं? अर्धा तास दे, पन रोज त्याच टायमाला दे. परवा तीन वाजता आलं रातचं.”

टाळ्या पडल्या त्या आजींना. उमेदवार समंजस होता. तोही हसला आणि पाण्याची वेळ त्याने खरोखरच कागदावर टिपून घेतली. आम्हाला वाटते, सबंध निवडणुकीत पालिकेच्या कामाविषयी एवढे नेमके बोलणे दुसरे झाले नाही. कारण लोक नगरसेवकाकडे भलतेच मागतात आणि तोही भलतेच कबूल करतो. मेट्रो ही मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. दहिसर ते भाईंदर या मार्गावर २०२५ च्या मे महिन्यात काशीगावपर्यंत चाचणीची गाडी धावली, तिचे श्रेय फलकांवर निदान पाच जणांनी घेतले. तिच्या कारशेडसाठी आधी राई-मुर्धे ठरले, गावकऱ्यांच्या विरोधामुळे ते डोंगरीला गेले, आणि तेथली बारा हजारांवर झाडे तोडण्यावरून पुन्हा वाद पेटला. त्या वादाचे श्रेय कोणीच घेतले नाही. लोकलची गर्दी रेल्वेची. इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर नसणे हे या शहराचे जुने दुखणे. २००८ सालच्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट कायद्याने मोकळी झाली, पण ती निबंधकाच्या कचेरीतून जाते, प्रभाग समितीतून नव्हे. ग्रामपंचायतीच्या काळातल्या इमारती आता गळू लागल्या आहेत, पुनर्बांधणीची बोलणी चालू आहेत, आणि जमिनीचा कागद कोणाकडे आहे हा प्रश्न येताच सर्वसाधारण सभा मूक होते. वामनाने बळीकडे तीन पावले जमीन मागितली, तेव्हा बळीने निदान सात-बारा तरी पाहायला हवा होता.

बळी हा या मन्वंतरातला नव्हे, पुढच्या मन्वंतरातला इंद्र होणार आहे, असे भागवतात सांगितले आहे. इंद्र हे नाव नसून पद आहे आणि त्याची मुदत ठरलेली आहे. म्हणजे तिकीट मिळालेला भावी उमेदवार पाताळात वाट पाहत बसला आहे आणि पाडव्याला आपण त्याच्यासाठी दिवे लावतो. पण हे विषयांतर झाले.

खरा विषय, जो कोणत्याही पत्रकात दोन ओळींपेक्षा जास्त नव्हता आणि जो सगळ्यांच्या मनात होता, तो भाषेचा. पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा निर्णय शासनाने २०२५ च्या एप्रिलमध्ये काढला आणि २९ जूनला मागे घेतला. त्याच सुमारास मीरा रोडला एका दुकानदाराला मराठी बोलण्यावरून मनसेच्या कार्यकर्त्यांनी थोबाडीत मारली. त्याची चित्रफीत देशभर फिरली. ३ जुलैला व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून निषेध केला. ८ जुलैला मराठी मंडळींनी मोर्चा काढायचे ठरविले. पोलिसांनी परवानगी नाकारली, धरपकड केली, तरी माणसे निघालीच. मंत्री प्रताप सरनाईक मोर्चात आले तेव्हा त्यांच्याविरुद्ध घोषणा झाल्या. दुसऱ्या दिवशी पोलीस आयुक्तांची बदली झाली. १८ जुलैला राज ठाकरे यांची सभा झाली. इतके दिवस ज्या गावाचे नाव फक्त गाडीच्या पाटीवर असे ते दिल्लीच्या वर्तमानपत्रांत गेले.

भाषा मारून शिकवता येत नाही, हे भाषा शिकविणाऱ्या माणसाने सांगायला नको. आमच्या तासाला बसलेल्या मुलांनाही ती नीट येत नाही, आणि त्यांतली बरीचशी मराठी घरातली आहेत. पण दुसरी बाजूही आहे, आणि ती सभ्यपणे सांगणारा माणूस कमी मिळतो. तीस-तीस वर्षे एका गावात राहून तेथल्या भाषेत ‘कितीला दिली?’ एवढे विचारण्याची गरज ज्याला पडत नाही, त्याने भाषेचा द्वेष केलेला नसतो; त्याला ती दिसलेलीच नसते. मराठी मनुष्यच भाजीवालीशी हिंदीत सुरुवात करतो आणि भाजीवाली सातारची निघते. घर विकायची वेळ आली की आम्ही भाव पाहतो आणि मग शेजार बदलला म्हणून हळहळतो. २०१५ साली पर्युषणात आठ दिवस मांसविक्री बंद ठेवण्याचा निर्णय पालिकेने घेतला, तेव्हा केवढे वादंग माजले. त्या वेळी आमच्या जिन्यात एवढाच फरक पडला की तिसऱ्या मजल्यावरचे लोक उत्तनच्या कोळणीला मागच्या दाराने बोलावू लागले, आणि पहिल्या मजल्यावरच्या बा खिडकी लावून घेऊ लागल्या. आठ दिवसांनी खिडकी उघडली. त्याच बांनी आमच्या मुलीच्या बारशाला पाळणा हलविला आहे, मराठीत नाव घेतले आहे. निवडणूक अशा ठिकाणी येते आणि विचारते, तुम्ही इकडचे की तिकडचे?

पत्रकांची मराठी कशी होती, हेही सांगायला हवे. ‘आपला हक्काचा माणुस’ मध्ये नुसता ऱ्हस्व उकार असता तर सोडून दिले असते. एकाने ‘विकासाचा वचननामा’च्या जागी ‘विकासाचा वनचनामा’ छापला होता. जे मराठीच्या नावाने मते मागत होते त्यांच्या पत्रकात चुका सर्वांत जास्त होत्या, आणि एका गुजराती उमेदवाराचे मराठी पत्रक निर्दोष निघाले. चौकशी करता कळले की त्याने ते एका निवृत्त मराठी शिक्षिकेकडून तपासून घेतले होते. आमच्या व्यवसायाला एवढे मोल आले हे पाहून बरे वाटले.

१३ जानेवारीला संध्याकाळी भोंगे थांबले. १४ ला संक्रांत. हळदीकुंकवाचा हंगाम आचारसंहितेच्या नेमका पलीकडे पडल्याने भावी मंडळींची फार कुचंबणा झाली असावी. वाण घरात, बायका दारात आणि मध्ये कायदा. गच्चीवर मात्र पतंग उडत होते आणि ‘काय पो छे’च्या आरोळीत सर्व भाषांचे आवाज होते. १५ ला मतदान झाले. २०१७ साली निम्म्याहून कमी मतदार बाहेर पडले होते. म्हणून या वेळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी दारोदार जाऊन घंटा वाजविली. बोटाला शाई लावण्याऐवजी मार्कर पेनने रेघ ओढली, तेव्हा चौथ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, “मुली, हे तर आमच्या नातवाचे पेन.” राज्यात मित्र असलेले भाजप आणि शिंदे यांची शिवसेना येथे समोरासमोर लढले. दुसऱ्या दिवशी निकाल लागला. २०१७ साली ६१ जागा मिळविणाऱ्या भाजपने या वेळी तीन-चतुर्थांशाहून अधिक जागा घेतल्या, आणि गुलाल रस्त्यावर पडला.

महिना संपण्यापूर्वी इंद्रलोकाचे नाव पुन्हा सगळीकडे झाले, पण निराळ्या कारणाने. गोल्डन नेस्ट चौकाजवळचा, मेट्रोखालचा नवा उड्डाणपूल चार पदरी येतो आणि एकाएकी दोन पदरी होतो, अशी छायाचित्रे देशभर फिरली. प्राधिकरणाने खुलासा केला की आराखड्यात चूक नाही. दोन पदर भाईंदर पूर्वेसाठी आहेत आणि उरलेले दोन पुढे पश्चिमेकडे जाणाऱ्या भावी पुलासाठी राखून ठेवले आहेत. भावी हा शब्द वाचून आमच्या जिन्यात फार हशा पिकला.

फलक उतरले तेव्हा वडापाववाल्याने त्यातला एक मोठा मागून घेतला आणि गाडीच्या छपरावर बांधला. छापलेली बाजू आत आहे. संध्याकाळी दिवा लागला की खाली उभ्या माणसांना वर दोन जोडलेले हात दिसतात, आणि कढईच्या वाफेने उमेदवाराचा चेहरा दिवसेंदिवस पिवळा पडत चालला आहे.